हळदीची गाणी आणि कलम दोनशे ब्याण्णव

सोलापूरच्या कोर्टात मला ‘त्या केसेसवाल्या बाई’ म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण कोर्टाच्या व्हरांड्यात पाठीमागे बोललेलं चहा थंड व्हायच्या आत कानावर येतं. ‘त्या केसेस’ म्हणजे अश्लीलतेच्या. दंड संहितेतलं दोनशे ब्याण्णव कलम अश्लील पुस्तकांना नि चित्रांना लागतं. दोनशे चौऱ्याण्णव लागतं चारचौघांत अश्लील बोलण्याला आणि गाण्याला. सत्तरच्या दशकात या दोन कलमांखाली सोलापुरात ज्याच्यावर खटला व्हायचा, तो चार दिवसांत माझ्या ऑफिसच्या पायरीवर दिसायचा. मला त्याचा अभिमान होता आणि आजही आहे. आई मात्र पाहुण्यांना "ती फौजदारी बघते" एवढंच सांगायची आणि पोह्यांचा विषय काढायची.

मी कुर्डुवाडीची. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. रेल्वेच्या चाळीत वाढलेल्या मुलीला शिव्यांचं फारसं अप्रूप राहत नाही. नळावरच्या भांडणांतल्या शिव्या मला शाळेतल्या कवितांच्या आधी पाठ झाल्या होत्या. सोलापुरात कायदा शिकले, सनद घेतली आणि एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली लागले. तेव्हा फौजदारी कोर्टात नियमित उभी राहणारी बाई मी एकटीच. आवाज मोठा, राग नाकावर. पक्षकार ऑफिसात आला की मलाच विचारायचा, "वकीलसाहेब कधी येणार?" आणि मी वकील आहे म्हटलं की तो दाराकडे बघायचा. अशा वेळी मी काय बोलायचे ते इथे लिहीत नाही, नाहीतर माझ्यावरच चौऱ्याण्णव लागायचं.

ज्येष्ठांना वाटलं, हिला एकदा गार केलं पाहिजे. त्यांनी एक फाइल माझ्यापुढे सरकवली. मंडईतल्या एका भाजीवालीने भर बाजारात जमादाराला अश्लील शिव्या दिल्या, असा खटला होता. "ही तुम्हीच चालवा," ते म्हणाले आणि बाकीचे ज्युनियर टेबलाकडे बघून हसले. दोन दिवसांत मी लाजून फाइल परत करीन, असा त्यांचा हिशेब होता.

मी ती त्याच संध्याकाळी वाचली आणि एकटीच हसत सुटले. जमादार सभ्य गृहस्थ होता. फिर्याद त्याने स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिली होती आणि शिवी आली की तिथे टिंबं दिली होती. ‘आरोपी बाई मला टिंब टिंब टिंब असे म्हणाली, व पुन्हा टिंब टिंब टिंब असे म्हणून हातवारे केले.’ एका जागी टिंबंही अपुरी वाटली असावीत. तिथे ‘लिहिण्यास योग्य नाही’ असा शेरा होता. देवाला भिऊन वागणाऱ्या माणसाने सरकारी कागद विटाळू नये म्हणून जे केलं, त्याने खटल्यातला गुन्हाच गाळून टाकला होता.

अशा केसला आमच्या कोर्टात एक रिवाज होता. साक्ष सुरू होण्यापूर्वी पट्टेवाला उभा राहून सांगायचा, "बायकांनी बाहेर थांबावं." त्या दिवशीही त्याने सांगितलं. मागच्या बाकावरच्या बायका उठल्या. माझी भाजीवालीही आरोपीच्या पिंजऱ्यातून उठून निघाली, तिला परत बसवावं लागलं. मग पट्टेवाल्याची नजर माझ्यावर आली. मी कागद टेबलावर पसरले आणि पेनचं टोपण काढलं.

"काय शब्द वापरले आरोपीने?" मी जमादाराला विचारलं.

"घाण शब्द होते."

"कोणते?"

"बाईंसमोर कसं सांगू?"

"मी इथे वकील आहे. सांगा."

जमादाराने मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तो बिचारा गोरामोरा झाला, पण तोंडातून शब्द काही निघाला नाही. शब्दच समोर नाहीत तर ते अश्लील की नाहीत हे कोर्ट ठरवणार कसं? भाजीवाली सुटली. बाहेर चिंचेखाली तिने मला ती नेमकं काय म्हणाली होती ते न मागता सांगितलं. जमादाराचं काहीच चुकलं नव्हतं.

त्यानंतर माझ्याकडे रांग लागली. तमाशाच्या फडावरच्या गायिका आल्या, भाड्याने कादंबऱ्या देणारे दुकानदार आले, सिनेमाची पोस्टरं रंगवणारा एक पेंटर आला. त्याच्यावर खटला झाला होता तो नटीच्या गुडघ्यापायी, आणि मी साहेबांना सोलापूरच्या रस्त्यावर पाणी भरायला जाणाऱ्या बायकांचे गुडघे मोजायला सांगून त्याला सोडवला. टिंबांची युक्ती मात्र फार दिवस चालली नाही. पोलिस शिकले. फिर्यादी स्वच्छ आणि सविस्तर येऊ लागल्या, काही तर जरा जास्तच आवडीने लिहिलेल्या. रिवाजातही फरक पडला. पट्टेवाला आता "बायकांनी बाहेर थांबावं, वकीलबाई सोडून," असं म्हणायचा.

हे सगळं सांगायचं कारण असं, की शाळेत शिकवणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या तेव्हा मी या विषयातली पक्की समजली जात होते आणि माझी स्वतःचीही तशीच समजूत होती.

त्या कुंभारीच्या शाळेत शिकवायच्या. मूळच्या माढ्याकडच्या. वय पन्नाशीच्या बरंच पुढे, घट्ट अंबाडा, काखेत छत्री. त्यांनी खुर्चीत बसण्याआधी माझ्या टेबलावरची धूळ रुमालाने पुसली आणि मग आरोपपत्राची नक्कल पुढे ठेवली. नकलेवर लाल शाईच्या खुणा होत्या. मी विचारलं, या कुणी केल्या?

"मीच. शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत पहिल्याच पानावर."

हकीकत अशी होती. दुष्काळाच्या साली गावोगावच्या बायका सरकारी कामावर खडी फोडायला जायच्या. त्या वर्षी घरात दाणा नव्हता, त्यामुळे लग्नं झाली नाहीत. लग्नं नाहीत म्हणजे हळद नाही, आणि हळद नाही म्हणजे हळदीची गाणी नाहीत. मग बायका ती गाणी खडीच्या ढिगाऱ्यावर बसून म्हणायच्या, हात चालता राहावा म्हणून. आमच्या भागात हळदीला नवऱ्यामुलाच्या आईला, म्हणजे विहिणीला, आमच्या बोलीत इनीला, गाण्यातून शिव्या द्यायची पद्धत आहे. त्या शिव्या साध्यासुध्या नसतात. बाई शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसायच्या. पहिल्या दिवशी कानावर हात ठेवून परत आल्या. दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेल्या.

दोन वर्षांनी त्यांनी ती गाणी सोलापुरातल्या एका लहान छापखान्यात छापून घेतली. पुस्तक पातळसं. शिकवणी घेतल्यासारखी प्रत्येक गाण्याखाली टीप: कुठल्या गावचं, कधी म्हणतात, चाल कुठली. एका वाचनालयात ते एका प्रतिष्ठित गृहस्थांच्या हाती लागलं. त्यांनी लाल पेन्सिलीने सत्तावीस ओळींखाली रेघा मारल्या आणि प्रत पोलिसांकडे नेली. छापखानेवाला लेखी माफी देऊन बाजूला झाला. बाईंना शाळेने निलंबित केलं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. शिक्षा झाली, अगदी दहा रुपये दंड जरी झाला, तरी नोकरी कायमची जाणार, निवृत्तिवेतन जाणार आणि तीस वर्षं ज्या गावात मुलांचे कान धरले त्या गावातून ‘घाणेरडं पुस्तक काढणारी मास्तरीण’ म्हणून निघावं लागणार.

सरकारी वकील माझ्या ओळखीचे, माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला बाजूला घेऊन सुचवलं, की बाईंनी सगळ्या प्रती जमा कराव्यात, चूक झाली असं लिहून द्यावं, म्हणजे प्रकरण इथेच मिटवता येतं का ते बघू. मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी छत्री मांडीवर आडवी घेतली.

"कुठे चूक झाली ते दाखवा, मी पन्नास वेळा लिहून देते," त्या म्हणाल्या. "पण त्या बायकांनी खडी फोडता फोडता मला दिलंय ते. ते घाण आहे असं मी लिहून दिलं, तर त्यांच्या मुलांना मी उद्या काय शिकवू?"

हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. मला आतून भडभडून आलं आणि त्याचाच राग येऊन मी कारण नसताना फाइल आपटली. ही केस मला जिंकायचीच होती.

कायद्यात वाट होती. साहित्य, कला, विद्या यांच्या दृष्टीने लोकांच्या भल्यासाठी काही छापलं असेल तर त्याला हे कलम लागत नाही. पण ते सिद्ध करायला ज्यांची गाणी आहेत त्यांनी कोर्टात येऊन सांगायला हवं, की हो, ही आमची रीत आहे. मी एसटीने कुंभारीला गेले. बाईंनी ज्यांच्याकडून निम्मी गाणी उतरून घेतली होती त्या आजीबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. साठी ओलांडलेली, हाडं काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"कोर्टात सांगशील का, आजी?"

"सांगती की. त्यात काय लपवायचं हाय? चोरी न्हाय केली."

मी त्यांच्याकडून तीनदा घोकून घेतलं. तिन्ही वेळा आजीबाईंनी न अडखळता, हाताने ताल धरून, पूर्ण गाणं म्हटलं आणि शेजारच्या सुना तोंडात पदर कोंबून हसल्या. मी खुशीत आले. खुशीत आले की माझ्या हातून काहीतरी होतंच. निघताना मी अख्ख्या आळीला सांगितलं, की सुनावणीला सगळ्यांनी या, कोर्ट भरलेलं दिसलं पाहिजे, साहेबांना कळलं पाहिजे बाईंच्या पाठीशी गाव आहे.

गाव आलं. सकाळीच एक ट्रक भरून आलं. आत शिरल्याबरोबर पुरुष बाकांवर बसले, बायका भिंतीकडेला जमिनीवर, जसे गावात बसतात तसे. साहेबांनी माझ्या विनंतीवरून पट्टेवाल्याला बायकांना बाहेर काढू दिलं नाही. कोर्ट खच्चून भरलेलं बघून मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. सगळ्यात पुढच्या बाकावर तांबड्या पटक्याचे एक म्हातारे बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. माझी त्यांच्याशी नजरानजर झाली तेव्हा मी हसून मानही डोलावली.

आजीबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आल्या. शपथ झाली. मी पुस्तकातलं पान उघडलं, ज्यावर सगळ्यात जास्त लाल रेघा होत्या ते.

"हे इनीचं गाणं तुम्ही बाईंना सांगितलंत का?"

आजीबाईंनी समोर पाहिलं. त्यांचा हात पदराकडे गेला, पदर कपाळावरून नाकापर्यंत आला आणि त्या आतल्या आत गप्प झाल्या.

मी पुन्हा विचारलं. उत्तर नाही. साहेब म्हणाले, "बाई, घाबरू नका, बोला." उत्तर नाही. पदरामागून नुसता श्वास ऐकू येत होता. जिने अंगणात तीनदा सगळं म्हणून दाखवलं होतं, ती आता हो-नाहीही म्हणेना.

सरकारी वकील सावकाश उठले. "साहेब, मला उलटतपासणीची गरजच वाटत नाही. ज्या बाईने हे गाणं सांगितलं म्हणतात, तिलाच ते चारचौघांत उच्चारायची लाज वाटते. यापेक्षा मोठा पुरावा कुठला?"

बाई आरोपीच्या जागी ताठ बसल्या होत्या. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. गणित चुकलेल्या मुलाकडे बघतात तसं नाही. मला वाचवा असं बघितलं त्यांनी. सबंध खटल्यात एवढं एकदाच.

आजीबाईंनी पाहिलं होतं तिकडे मी पाहिलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तांबड्या पटक्याचे ते म्हातारे आजीबाईंचे थोरले दीर होते. चाळीस वर्षं ज्यांच्यासमोर त्या वर मान करून बोलल्या नव्हत्या, ज्यांची चाहूल लागली की चुलीपासून उठायच्या, त्यांना मी हट्टाने आमंत्रण देऊन पुढच्या बाकावर आणून बसवलं होतं. कुर्डुवाडीच्या चाळीतली मी; शिव्या मला ठाऊक होत्या, पण दीर-भावजयीचं त्या घरातलं वागणं मी ध्यानातच घेतलं नव्हतं. आणि आता उठून ‘या गृहस्थांना बाहेर पाठवा’ म्हणावं, तर सरकारी वकिलांचंच म्हणणं खरं ठरत होतं. मी पुस्तक हातात धरून उभी राहिले. इतकी वर्षं ज्या तोंडाचा मला गर्व होता त्याचा आता काही उपयोग नव्हता.

म्हातारबाबा खाकरले. काठी टेकून उभे राहिले.

"चला रं," ते म्हणाले.

बाकांवरचे सगळे पुरुष उठले. कुणी का म्हणून विचारलं नाही, कुणी मागे वळून पाहिलं नाही. म्हातारे पुढे आणि बाकीचे मागे, असे ओळीने दाराकडे निघाले. पट्टेवाला गोंधळून त्यांना आडवा झाला. साहेबांनी विचारलं, "हे कुठे निघाले सगळे?"

म्हातारबाबांनी दारातून हात जोडले. "सायेब, आमी भाईर थांबतो. ह्ये बायकांचं हाय."

दार लोटलं गेलं. कोर्टात आता साहेब, सरकारी वकील, टंकलेखक, पट्टेवाला आणि भिंतीकडेच्या बायका उरल्या. आजीबाईंनी पदर पुन्हा कपाळावर नेला आणि चेहरा मोकळा केला. सरकारी वकील जरा हसून म्हणाले, "मग आम्हीही जायचं का?"

"तुमी बसा की. तुमी आमचं कुनी लागत न्हाय."

साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. मी प्रश्न पुन्हा विचारला.

"व्हय, मीच सांगितलं," आजीबाई म्हणाल्या. "म्हनून दावू?"

"नुसतं सांगा," साहेब म्हणाले.

"नुसतं सांगून येत न्हाय, सायेब. म्हनावंच लागतंय."

आणि त्यांनी पिंजऱ्याच्या कठड्यावर हाताने ताल धरला.

*ईन आली मांडवात, लुगड्याची गाठ सैल गं*
*इवाई म्हनी बांधू का, मागं कुनी हाय का गं*
*ईन म्हनी बांध मेल्या, पर दिवा आदी मालव गं*

पहिल्या ओळीनंतर एक गोष्ट घडली जिची तयारी मी केली नव्हती. हे गाणं एकटीने म्हणायचं नसतंच. एकीने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. भिंतीकडेच्या बायकांनी सवयीने ओळ उचलली. मग त्यांच्या लक्षात आलं आपण कुठे आहोत, आणि त्या दचकून थांबल्या, आणि तरी पुढच्या ओळीला पुन्हा उचललीच. टंकलेखकाचे हात यंत्रावर तसेच राहिले. साहेबांनी टेबलावर मारायला हात उचलला होता, तो त्यांनी हळूच खाली ठेवला. पुढच्या ओळी ज्याला ऐकायच्या असतील त्याने आमच्याकडच्या हळदीला जावं.

सरकारी वकील उलटतपासणीला उठले तेव्हा त्यांचा सूर बदलला होता, पण प्रश्न चांगले होते.

"तुमच्या घरच्या पुरुषांना लाज वाटली म्हणूनच ते बाहेर गेले ना?"

"लाज कशाची? त्येंच्या म्होरं मला तोंड उगडता येत न्हाय, म्हनून गेलं. मान राखला त्येनी माजा."

"म्हणजे हे गाणं पुरुषांनी ऐकायचं नसतं."

"खिडकीत बगा की."

सगळ्यांनी वळून पाहिलं. व्हरांड्याकडच्या खिडकीच्या गजांशी पटक्यांची दाटी झाली होती. आमच्या माना वळल्याबरोबर सगळे पटके एकदम खाली गेले.

"हळदीला बी असंच असतंय," आजीबाई म्हणाल्या. "भाईर जात्यात आन् दाराशीच उबं ऱ्हात्यात."

सरकारी वकिलांनी शेवटचा प्रश्न विचारला आणि तो खरोखर अवघड होता. हे घरात, नात्यात, हळदीपुरतं ठीक. पण पुस्तकात छापलं म्हणजे ज्याचं काही नातं नाही असा कुणीही वाचणार, त्याचं काय? मी हरकत घ्यायला उठले होते. आजीबाईंनी मला हातानेच बसवलं.

"सायेब, इनीला ह्या शिव्या दिल्या न्हाईत तर ईन रुसती. म्हनती, आमी काय परकी हाव व्हय? सोयरी मानलं तरच शिवी. आता आमी चारदोगी उरलो ह्ये म्हननाऱ्या. पोरी मिलात जात्यात, विड्या वळाय जात्यात, हळदीला कर्न्यावर शिनेमाची गानी लावत्यात. आमी मेल्यावर इनीला कोन शिवी देनार? बाईंनी इचारलं, लिवून ठिवू का. मी म्हनलं, ठिवा. त्यात त्येंचं काय चुकलं?"

सरकारी वकील खाली बसले.

मी भाषणाचे टिपण केलेले सहा कागद आणले होते. ते पिशवीत ठेवले आणि तीन-चार वाक्यांत आटोपलं. म्हटलं, हे पुस्तक कुणाचं मन बिघडवील म्हणतात. ज्यांनी ही गाणी पिढ्यान्‌पिढ्या ऐकली ती माणसं आत्ता या दारातून कशी बाहेर गेली ते कोर्टाने पाहिलं आहे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण ते, आणि सगळ्यात चांगलं.

पुढे बाररूममध्ये असं पसरलं, की पुरुषांना ऐनवेळी बाहेर काढण्याची ती चाल माझी होती. ज्युनियर मुलं येऊन विचारायची, "बाई, हे सुचलं कसं?" मी नुसती हसायचे. खरं काय ते कबूल करायला इतकी वर्षं लागली, कारण वाहवा कुणाला नको असते? चूक माझी होती आणि ती निस्तरली तांबड्या पटक्याच्या एका म्हाताऱ्याने, ज्याचे मी साधे आभारही मानले नाहीत. ट्रक निघून गेल्यावर मला ते सुचलं. मात्र ही केस घेतली मी, ती सोडली नाही मी, आणि ती माणसं कोर्टात आणलीही मीच. तेवढा अभिमान मी कुणाला देणार नाही.

निकाल पंधरवड्याने लागला. त्या दिवशी कोर्टात गर्दी नव्हती. बाई होत्या, मी होते, मागे आजीबाई एकट्याच भिंतीला टेकून बसल्या होत्या. साहेबांनी निकाल वाचायला घेतला. निकाल इंग्रजीत होता, पण गाणं त्यांनी त्यात मराठीत पूर्ण उतरवून घेतलं होतं, आणि ते त्यांनी स्वतः वाचलं, ओळ न गाळता, एकसुरी आवाजात, रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसं. मागून आजीबाई पुटपुटल्या, "चाल न्हाय जमली." साहेबांनी ऐकलं असणार, पण ते पुढे वाचत गेले. हे गाणं आता सरकारी दप्तरात होतं, कोर्टाच्या शिक्क्यासकट. पुस्तकाच्या प्रती उद्या वाळवीने खाल्ल्या तरी त्याला धक्का लागणार नव्हता.

शेवटचं वाक्य आलं. मी बाईंकडे वळले; त्या आरोपीच्या जागी तशाच ताठ बसून साहेबांकडे बघत होत्या. त्यांना इंग्रजी येत होतं, पण कोर्टाचं इंग्रजी वेगळंच असतं.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"निर्दोष सोडलं, बाई. पुस्तकही सोडलं."

त्यांनी मान हलवली. अजून काहीतरी उरलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते विचारायला त्यांना धीर होत नव्हता. वर्गात मुलगा बोट वर करतो तसं त्यांनी नकळत एक बोट किंचित उचललं.

"म्हणजे उद्या मी शाळेत जाऊ?"

कागदपत्रं व्हायला, वरून हुकूम यायला आठवडा-दोन आठवडे लागणार हे मला ठाऊक होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं आणि सांगितलं नाही.

"जा," मी म्हटलं. "कुणी अडवलं तर मला बोलवा."

त्यांनी छत्री उचलली. आभार वगैरे मानायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आजीबाईंचा हात धरून त्यांना उठवत त्या म्हणाल्या, "चला लवकर, चारची एसटी चुकली तर घरी जायला अंधार होईल. चौथीची मुलं आठ महिने माझ्याविना आहेत, पाढे विसरली असतील."

आणि माझ्याकडे मागे वळूनही न बघता त्या दोघी भराभरा पायऱ्या उतरून गेल्या.